स्टिकचं डोकं रंगवलं आणि वाकलं

पुतणी लॅक्रॉस खेळते; त्यात काठीच्या टोकाला जाळी लावलेली चौकट असते, तिनं चेंडू झेलतात अन् फेकतात. तिच्या स्टिकची ती पांढरी नायलॉनची चौकट, म्हणजे डोकं, निळं करायला मी दारव्ह्याच्या बाजारातून रंग आणला. तो सुती कापडाचा निघाला. नायलॉनवर नुसते फिके डाग पडले. नायलॉनला लोकर-रेशमाचा आम्लरंग लागतो, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून. तो मागवला.

या वेळी रंग झकास चढला, पण घोटाळा वेगळाच झाला. घरामागच्या सांदवाडीत पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला होता. पऱ्हाटी भडकन पेटते, आच आपल्या हातात राहत नाही. पाणी खळखळ उकळलं, डोकं गंजाच्या तळाला टेकलं आणि दोन्ही बाजू आत वळल्या. साधारण ६.३ सेंमी व्यासाचा चेंडू मध्येच अडकू लागला. पोरीचा चेहरा पाहवेना.

मग गॅसवर, उकळी येऊ न देता, साध्या गरम पाण्यात ते मऊ केलं. दोन्ही बाजूंच्या मध्ये सागाची पट्टी घट्ट बसवली, लगेच गार पाण्यात बुडवलं अन् रात्रभर पट्टी तशीच ठेवली. सकाळी चेंडू सुटला! नायलॉन पाणी पितं, म्हणून दोन दिवस डोकं जरा लवत होतं. सावलीत पुरतं वाळल्यावर ताठ झालं.

आणि जाळी आधीच काढून ठेवा, नाहीतर तीही रंगते.