मुलांना रोज दोन तास उजेड: नाशिकमध्ये कसं जमवावं

माझ्या मुलीला तिसरीत मायनस नंबर लागला. फळ्यावरचं दिसत नाही हे तिने आम्हाला कधी सांगितलंच नाही, शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. धाकट्याच्या वेळी मात्र आम्ही आधीपासून लक्ष दिलं: नंबर लागू नये म्हणून त्याला रोज दोन तास बाहेरच्या उजेडात ठेवायचं. ते कसं, ते सांगते.

पहिल्यांदा आठवडाभर फक्त मोजा. मूल दिवसाउजेडी घराबाहेर किती वेळ असतं? व्हॅन, वर्ग, क्लास, टीव्ही हे सगळं छपराखाली जातं. आमच्याकडे रोजची जेमतेम वीस मिनिटं भरली.

मग मोबाइलवर लाइट मीटरचं ॲप घ्या. आकडा अगदी अचूक नसतो, पण फरक कळतो. भर दुपारी ट्यूबलाइट लावलेल्या अभ्यासाच्या टेबलावर आमचा आकडा तीनशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास होता. गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला, झाडाच्या दाट सावलीत, तो सहा हजारांवर गेला. आपल्या डोळ्यांना दोन्ही ठिकाणी 'उजेड आहे' एवढंच वाटतं, म्हणून हे एकदा स्वतः पाहाच.

सगळी गोम या उजेडात आहे. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा प्रमाणाबाहेर लांबला की लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि धूसर दिसतं. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि त्याने ही लांबी आवरली जाते, असं संशोधक मानतात. ड जीवनसत्त्वाची गोळी देऊन हे काम होत नाही. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांतल्या मुलांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ होतं. ही चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा आग्रह आहे.

आता हे दोन तास तोडून बसवा. एका दमात होत नाहीत, व्हायची गरजही नाही. आमचा हिशोब असा: सकाळी व्हॅनऐवजी पायी शाळा, पंधरा मिनिटं. मधल्या सुट्टीत डबा वर्गाबाहेर खायचा, वीस मिनिटं (वर्गशिक्षिकांना विनंती केली, त्यांनी सगळ्याच मुलांना बाहेर बसवलं!). संध्याकाळचा क्लास साडेसहाला ढकलला आणि पाच ते सव्वासहा सोसायटीच्या आवारात खेळ. उरलेली भर रविवारी, पांडवलेणी चढायची किंवा सोमेश्वरला जायचं.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा अकरा ते चार मुलांना उन्हात काढू नका. सकाळी आठ-नऊला झाडाखाली बसून कॅरम खेळला तरी चालतो, कारण हवा तो उजेड, ऊन नव्हे. टोपी घालूनही पुरेसा उजेड डोळ्यांत जातो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की लगेच बाहेर, ढगाळ आकाशही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी उजळ असतं. सूर्याकडे टक लावून बघणं मात्र कधीच नको, त्याने पडदा कायमचा भाजतो.

घरात असताना पुस्तक डोळ्यांपासून हातभर तरी लांब, आणि वीसेक मिनिटांनी खिडकीतून लांब नजर.

एक स्पष्ट सांगते: बाहेर खेळून लागलेला नंबर उतरत नाही. उजेडाचा खरा उपयोग नंबर लागण्याआधी, म्हणून बालवाडीपासूनच सुरू करा. आई-वडिलांपैकी कुणाला मायनस नंबर असेल तर जास्तच. वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढून घ्या, कारण थेंबांशिवाय लहान मुलांचा नंबर चुकू शकतो. मूल डोळे बारीक करून बघत असेल, टीव्हीच्या जवळ सरकत असेल, तर वर्षाची वाट पाहू नका. नंबर लागलाच असेल तर तो भराभर वाढू नये म्हणून कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब असतात, खास काचाही असतात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा आणि चष्मा पूर्ण नंबरचाच घाला.