जुनाट ओटीपोटदुखीची ओपीडी: आधी फिजिओ शोधा

स्त्रियांच्या जुनाट ओटीपोटदुखीची ओपीडी सुरू करताय, तर जागा, टेबल, सोनोग्राफी हे तुम्हा डॉक्टरांना सांगायला नको. माझ्याकडे ते सगळं होतं, तरी पहिली ओपीडी आठ महिन्यांत गुंडाळावी लागली. नव्हती ती पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट. पाठ-गुडघेवाली चालत नाही. आतून तपासून आखडलेले स्नायू सैल करायला शिकलेली हवी. मी एका रुग्ण बाईला जवळच्याच फिजिओकडे धाडलं, तिथे कीगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचे व्यायाम, शिकवले. आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळला. महिन्याने बाई खुर्चीच्या कडेवर, एका कुशीवर रेलून बसलेली. विचारते, "अजून किती दिवस करू?" तेव्हा उद्घाटनाची तारीख नंतर, फिजिओ आधी.

पहिल्या भेटीला पाऊण तास ठेवा. सहा महिन्यांहून जुनं दुखणं दहा मिनिटांत उलगडत नाही. पाळी, लघवी, शौच, शरीरसंबंध, जुनी ऑपरेशन्स यांचा फॉर्म आणि तीन दिवसांची लघवीची नोंद घरूनच भरून मागवा. अत्याचाराबद्दल मात्र फॉर्मवर विसंबू नका. एकटीला, दार लावून विचारा.

तपासताना स्पेक्युलमची (योनी उघडून बघायच्या उपकरणाची) घाई नको. पोटावरच्या दुखऱ्या जागी बोट ठेवून डोकं उचलायला सांगा. दुखणं तसंच राहिलं किंवा वाढलं तर पोटाच्या भिंतीचा संशय घ्या. मग योनिमुखाशी कापसाची काडी, मग एकच बोट. लेव्हेटरवर, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरच्या मुख्य स्नायूवर, हलका दाब दिला की कितीदा तरी ऐकू येतं, "हेच! हेच ते!" सापडलं, छान. आता पाठवणार कुणाकडे? म्हणून पुन्हा सांगते, फिजिओ.

लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीने पोटात बघितल्यावर) काही दिसलं नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) दिसला तरी सगळं दुखणं त्याचंच असेल असंही नाही. मूत्राशय आणि आतडी बघाच. "मनाचं आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून नको, रिसेप्शनवरून तर नकोच. मानसोपचारतज्ज्ञ सुरुवातीपासून सोबत घ्या, शेवटचा उपाय म्हणून नको.

औषधांत अमिट्रिप्टिलीन (नसांच्या दुखण्यावरही चालणारं नैराश्याचं औषध) रात्री 10 मिलिग्रॅमपासून. सकाळी झापड येईल हे आधीच सांगा. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, टाळा. फी दिलेल्या वेळेच्या हिशोबाने लावा, कारण इथे ऑपरेशनं कमी नि बोलणं जास्त. आठवड्यातून दोनच दिवस घ्या, नाहीतर तुम्हीच थकाल. यूरोलॉजिस्ट, पोटविकारतज्ज्ञ, पेन क्लिनिक: फोन नंबर जवळ असू द्या.

आणि फिजिओ एकच असेल तर ती रजेवर गेल्यावर कोण, हेही आत्ताच विचारून ठेवा.