आदिवासी गावात काम सुरू करताना: मान राखण्याच्या रीती

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार किंवा पालघरमध्ये एखाद्या संस्थेतर्फे वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला कामाचा आराखडा, छापील तक्ते आणि अहवालाच्या तारखा मिळतात. समोरच्या माणसाशी कसे वागावे, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. या भागांत काम करताना जे शिकायला मिळाले, आणि जे आधी कळले असते तर काही माणसे दुखावली गेली नसती, ते येथे मांडत आहे.

सुरुवात संबोधनापासून करावी. वडिलांच्या वयाच्या अनोळखी माणसाला शहरात आपण ‘काका, तुम्ही’ म्हणतो, आणि जंगलातल्या गावात तशाच वयाच्या माणसाला ‘काय रे, तुझं कार्ड कुठंय?’ असे विचारून मोकळे होतो. कचेरीत, दवाखान्यात, बाजारात ही भाषा त्यांच्या कानांवर इतकी वर्षे पडली आहे की ते तक्रारही करत नाहीत. म्हणून ती त्यांना लागत नाही, असे मात्र समजू नये. याउलट अनेक आदिवासी बोलींत अहो-जाहो करण्याची चाल नाही, त्यामुळे एखादी आजी आपल्याला आणि प्रसंगी कलेक्टरलाही ‘तू कधी आलास?’ असे सहज विचारते. तिच्या ‘तू’मध्ये बरोबरी आहे, आपल्या ‘तू’मध्ये उतरंड आहे. आपण ‘तुम्ही’ म्हणावे आणि तिचा ‘तू’ आपुलकीने घ्यावा. जेथे ‘जोहार’ म्हणतात तेथे जोहारच करावा.

भाषेबद्दलचा दुसरा गैरसमजही मनातून काढायला हवा. माडिया आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, कोरकू मुंडा कुळातली आहे. त्यांना ‘अशुद्ध मराठी’ म्हणणे चूकच आहे. आपल्या प्रश्नावर एखादी बाई गप्प राहते तेव्हा तिला समजत नाही असा शेरा मारण्याआधी, ती परक्या भाषेत उत्तर जुळवत आहे हे लक्षात घ्यावे आणि थांबावे. दुभाषी म्हणून शाळकरी मुलाला उभे करणे सोयीचे असते, पण त्याच्यासमोर आई स्वतःच्या आजाराबद्दल कसे बोलेल? अशा वेळी गावातलीच विश्वासाची बाई सोबत असावी.

पहिल्या दिवशी हमखास घडणारा एक प्रसंग सांगतो. आपण अंगणात शिरताच घरातली एकुलती प्लास्टिकची खुर्ची बाहेर येते, पदराने पुसली जाते, आणि घरचा म्हातारा माणूस समोर जमिनीवर उकिडवा बसतो. मी पहिल्यांदा ती खुर्ची हट्टाने नाकारली, तेव्हा त्या घरच्या बाईचा चेहरा पडलेला पाहिला. पाहुण्याला बसवणे हा तिचा मान होता, आणि माझ्या साधेपणाने तो मोडला. आता मी खुर्चीवर बसतो, दिलेले पाणी पितो, आणि चार शब्द बोलून झाले की म्हाताऱ्याशेजारी चटईवर जातो.

बैठकीची वेळ गावाला विचारूनच ठरवावी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, पावसाळ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, असते. तेव्हा सकाळी ११ ची सभा ओस पडली तर तो लोकांचा निरुत्साह नसतो. निर्णयही घाईने हात वर करून घेऊ नयेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवला. त्याच जिल्ह्यात आरोग्याचे काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना कसा हवा हे लोकांना विचारले, म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला गेला, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहता आले, आणि त्याला तिथल्या आदिवासींची देवी माँ दंतेश्वरी हिचे नाव मिळाले.

खरी कसोटी लागते ती एखादी प्रथाच माणसाला इजा करते तेव्हा. गडचिरोलीतल्या काही गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात राहावे लागते. अनेक कुर्माघरे पडकी आणि अंधारी असतात. तेथे पक्की खोली बांधून द्यावी की त्याने प्रथाच पक्की होईल, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की याचे उत्तर बाहेरच्या माणसाने ठरवून येऊ नये. ज्या तेथे झोपतात त्या बायकांशी, पुरुष आसपास नसताना, कार्यकर्तीने अनेकदा बोलावे. पण ‘त्यांची संस्कृती आहे’ म्हणून गप्प बसणे हाही आदर नव्हे. मोहाची दारू गोंड-माडियांच्या देवकार्यात लागते, आणि तरीही १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात झालेल्या दारूबंदीमागे स्थानिक लोकांचीच, विशेषतः बायकांची, चळवळ होती.

गोटुल, म्हणजे गोंड-माडिया गावातले तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे घर, याबद्दल चवीने प्रश्न विचारू नयेत. फोटो काढण्याआधी तो कोठे छापला जाणार हे सांगावे, आणि कुपोषित मुलाचा उघडा फोटो तर आईने होकार दिला तरी काढू नये, कारण मदत देणाऱ्याला नकार देणे तिला जड जाते.

सर्वेक्षण संपल्यावर बहुतेक जण कागद घेऊन निघून जातात. अहवाल वर पाठवण्याआधी आपण गावात परत जावे, रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना बोलवावे, त्यांच्याबद्दल काय लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि ‘हे असं नाही’ असे कोणी म्हणाले तर तेथेच ती ओळ खोडून त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहावी.