चौथीच्या वर्गात सगळ्यांचे सण: एका तक्त्यावर धर्मांची ओळख

जिल्हा परिषदेच्या शाळेत धर्माची ओळख करून द्यायची, दीक्षा नव्हे. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून फळ्यावर ‘आपण मानतो’ असं न लिहिता ‘बौद्ध लोक मानतात’, ‘मुस्लीम लोक मानतात’ असं लिहा. इतक्याशा बदलाने कुठलंच पोर परकं पडत नाही.

दोन ड्रॉइंग शीट जोडून बारा महिन्यांचे रकाने आखा. मुलं आपापल्या घरचे सण चिठ्ठीवर लिहून चिकटवतील: पोळा, नाताळ, धम्मचक्र प्रवर्तन दिन. मग तीन वर्षांची रमजान ईद मांडा: 2023 ला 22 एप्रिल, 2024 ला 11 एप्रिल, 2025 ला 31 मार्च. दरवर्षी किती दिवस मागे सरकली, ते मुलांनाच मोजू द्या. उत्तर येतं अकरा, कारण चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असतं. पोळाही चंद्रावरच चालतो, पण अधिक महिना त्याला पुन्हा जागेवर आणतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. इथे घाई करू नका, यालाच पूर्ण तासिका द्या.

बिघडतं ते बहुधा एका प्रश्नाने: “तुमच्यात काय करतात रे?” वर्गात एकच मुस्लीम किंवा गोंड मूल असेल तर ते अख्ख्या समाजाचं उत्तर द्यायला उभं राहतं आणि गप्प होतं. प्रश्न सगळ्यांना एकच विचारा: “सणाला घरी काय शिजतं?” खाऊ वाटायचा असेल तर आधी पालकांना विचारा, प्रसाद नको, फुटाणे-गूळ पुरे.