चुनखडकावर जमीन खचली तर तपास कसा करावा

खड्डा पडला की दुसऱ्या दिवशी तिथे मुरमाचा ट्रक येऊन उभा राहतो. तो आधी थांबवा. बुजवलेल्या खड्ड्यातून काहीच कळत नाही. शिवाय तळाचं तोंड उघडंच राहत असल्याने पुढच्या पावसाळ्यात हा मुरूमही माती गेली त्याच वाटेने खाली जातो. आधी लांबी, रुंदी, खोली, काठाचा आकार आणि तळाशी पाणी आहे का, एवढं नोंदवा. हे सगळं काठावर उभं न राहता करायचं. अशा खड्ड्याचं पोट तोंडापेक्षा रुंद असतं, म्हणजे काठावरच्या माणसाच्या पायाखाली माती असेलच असं नाही. खड्डा जितका खोल दिसतो, निदान तितक्या अंतरावर दोर बांधा. त्याच दिवशी दोराबाहेर खुंट्या ठोका आणि त्यांची पातळी दर आठवड्याला घ्या. संदर्भबिंदू मात्र दूरच्या पक्क्या खडकावर हवा, शेजारच्या विजेच्या खांबावर नको.

खाली नेमकं काय आहे?

नागपूर शहरात रस्ता खचला की लगेच 'सिंकहोल' (खालचा खडक विरघळल्याने पडणारा खड्डा) म्हटलं जातं. शहराच्या पश्चिम भागाखाली बेसाल्ट आहे आणि तो पावसाच्या पाण्यात चुनखडकासारखा विरघळत नाही. तिथे फुटलेली नाली, गळकी जलवाहिनी आणि मलबा टाकून बुजवलेली जुनी विहीर शोधा. चुनखडक आहे तो दक्षिणेला, पैनगंगा गटाचा: यवतमाळच्या वणी आणि झरी जामणीकडे, चंद्रपूरच्या कोरपना, राजुरा, जिवतीकडे. नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनीच्या बाजूला सौसर गटाचे संगमरवर आणि डोलोमाइट आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर १:५०,००० चा नकाशा पाहिल्याशिवाय गाडी काढू नका.

वणी-घुग्घुस पट्ट्यात चुनखडकाच्या जोडीला कोळसाही आहे, आणि तिथे सर्वात जास्त गफलत होते. घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अख्खं घर जमिनीत गेलं, ते चुनखडकामुळे नव्हे. त्या वस्तीखाली कोळशाची जुनी भूमिगत खाण होती. म्हणून या पट्ट्यात खाणीचे जुने नकाशे आधी मागवा. एक साधा हिशेब करून पाहा. कोसळलेल्या छताचा चुरा मूळ दगडापेक्षा साधारण १.३ पट जागा व्यापतो असं धरलं, तर ३ मीटर उंचीची गॅलरी (खाणीतला बोगदा) भरून निघायला ३ ÷ ०.३, म्हणजे १० मीटर छत कोसळावं लागतं. वर त्याहून कमी खडक असेल तर खड्डा थेट जमिनीवर उघडतो. चुरा बाजूच्या गॅलऱ्यांत पसरला किंवा पाण्याने वाहून गेला, तर १० मीटरही पुरत नाहीत.

दगडावर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. चुनखडक जोरात फसफसतो. डोलोमाइट चाकूने खरवडून भुकटी केल्यावरच फसफसतो. काळ्या मातीतले पांढरे खडेही फसफसतात आणि गावात त्यांनाच चुनखडी म्हणतात, पण त्यावरून खाली चुनखडक आहे असं ठरत नाही.

जमीन पायी वाचा

काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा जाळीसारख्या असतात आणि पावसाळ्यात मिटतात. खचण्याच्या भेगा कमानीसारख्या, एकाच मध्याभोवती फिरणाऱ्या असतात. त्यांच्या एका बाजूला पायरी पडते आणि पाऊस लागला की त्या आणखी उघडतात. यासाठी फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. कललेले कुंपणाचे खांब, बशीसारखे खोलगट भाग, शेतात साचलेलं पाणी एकाएकी जिथे नाहीसं होतं ती जागा, असं सगळं जीपीएसवर टिपा. ओळीत आलेले खोलगट भाग बहुतेकदा खडकातली सांध दाखवतात.

विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा. शेजारच्या खाणीत उपसा कधी वाढला, नवं शेततळं कधी झालं, पाइपलाइन कधी फुटली, याच्या तारखा गावातून विचारून घ्या. खडक विरघळायला हजारो वर्षं लागतात, पण खड्डा एका पावसाळ्यात पडतो. कारण पडते ती खडकावरची माती. ती खडकाच्या फटीतून थोडी थोडी खाली झिरपते, वर मातीची कमान उरते आणि एक दिवस ती तुटते. पाणीपातळी खाली गेली की त्या कमानीचा पाण्याचा आधार जातो. वरून पाणी मुरलं की मातीचं वजन वाढतं आणि पकड सुटते. म्हणून तपासायची जागा म्हणजे माती आणि खडक यांचा सांधा. खोलवरची मोठी गुहा शोधत बसण्यात वेळ जातो.

विद्युतरोधकता सर्वेक्षण

यात जमिनीत इलेक्ट्रोड (धातूच्या सळया) ठोकून वीज सोडतात आणि जमीन तिला किती रोध करते ते मोजतात. ४८ इलेक्ट्रोड, २ मीटर अंतर, ९४ मीटरची रेषा: यातून मध्यभागी साधारण १५ ते १८ मीटर खोलीपर्यंतचं चित्र मिळतं. एकमेकींना छेदणाऱ्या किमान दोन रेषा घ्या. हवेची पोकळी जास्त रोध दाखवते, तर ओल्या चिकणमातीने भरलेली पोकळी कमी. त्यामुळे चित्रातला जास्त रोधाचा रंग पाहून 'लाल म्हणजे गुहा' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीत इलेक्ट्रोडला पकड मिळत नाही, म्हणून बुंध्याशी मिठाचं पाणी ओता. तारेचं कुंपण आणि लोखंडी पाइप रेषेला समांतर नसावेत. संगणकाने काढलेलं चित्र आणि मोजणी यांतली त्रुटी ३ टक्क्यांवर आली म्हणून चित्र खरं ठरत नाही. एकाच मोजणीतून अनेक चित्रं निघतात. या सर्वेक्षणाचं काम छिद्र कुठे पाडायचं हे सांगणं, बस एवढंच.

बोअर: सगळी गडबड इथे होते

'प्लॉटच्या मधोमध १५ मीटरचा एक बोअर घेतला, पोकळी आढळली नाही, जागा सुरक्षित.' असा अहवाल हातात आला तर तो परत करा. ३० × ३० मीटरच्या जागेत २ मीटर व्यासाची एक पोकळी असेल, तर एका बोअरला ती सापडण्याची शक्यता ३.१४ भागिले ९००, म्हणजे सुमारे ०.३५ टक्के. दहा बोअर घेतले तरी साडेतीन. ती पोकळी हमखास गाठायची तर बोअर १.४ मीटरच्या चौकटीत घ्यावे लागतील, म्हणजे साडेचारशेहून जास्त. इतके कुणी घेत नाही आणि घेऊही नयेत. म्हणून बोअर आधीच्या नोंदींनी दाखवलेल्या संशयित जागी घ्यायचे, आणि तुलनेसाठी एक चांगल्या वाटणाऱ्या जागीही.

पाण्याच्या बोअरची डीटीएच (हवेच्या दाबाने दगड फोडत जाणारी) गाडी लावू नका. ती तासाभरात ३० मीटर जाते, हातात फक्त चुरी येते आणि मातीचा मऊ थर कळण्याआधीच निघून जातो. इथे रोटरी मशीन आणि दुहेरी नळीचं कोअर बॅरल (खडकाचा अखंड दांडा, म्हणजे कोअर, बाहेर काढणारी नळी) हवं. मशीन ठेवण्याआधी ती जागा सब्बल आणि हलक्या कोनने (जमिनीत ठोकायच्या टोकदार सळईने) तपासा, आणि मशीन लांब गर्डरवर बसवा.

मातीत प्रमाणित भेदन चाचणी भारतीय मानक आयएस २१३१ प्रमाणे: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून नळी मातीत ठोकायची आणि ठोके मोजायचे. पण दर दीड मीटरला एक, ही नेहमीची सवय इथे घातक आहे. खडक ८ मीटरवर अपेक्षित असेल तर ५ मीटरपासून चाचणी सलग घ्या. साधारणपणे खोलीबरोबर ठोके वाढायला हवेत. १४, १८ असे चढत जाऊन खडकाच्या तोंडाशी ४, २ झाले, किंवा रॉड स्वतःच्या वजनानेच खाली बसला, तर माती खाली चालली आहे. हीच या तपासातली सर्वात मोलाची नोंद आहे, आणि दीड मीटरच्या अंतरात ती अख्खी हरवते.

खडक लागला म्हणून थांबू नका. तो सुटा गोटा असू शकतो. चुनखडकाचं माथं सुळक्यासुळक्यांचं असतं. ३ मीटर पलीकडे खडक ४ मीटर खोल गेलेला सापडतो. सलग ५ मीटर पक्का खडक मिळेपर्यंत खाली जा.

आता नोंदवही. कोअर आला नाही म्हणजे पोकळी, असं लिहू नका. मऊ थर पाण्याने धुऊन गेला, बॅरलमध्ये कोअर अडकला, तरी डबा रिकामाच राहतो. पोकळी सिद्ध होते रॉड अडथळ्याविना खाली पडण्यावरून. म्हणून ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा: रॉड पडला की मशीन बंद, कुठून कुठपर्यंत पडला ते सेंटिमीटरमध्ये लगेच लिहायचं. टाकीतलं पाणी किती परत येतं, कोणत्या खोलीवर गेलं, रंग कधी बदलला, छिद्रातून हवेचा आवाज येतो का, हे त्याच ओळीत. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदवहीत पोकळ्या दीड-दीड मीटरच्या होतात, कारण बॅरल तेवढ्याच लांबीचं असतं! मशीनपाशी नोंद घ्यायला तिसरा माणूस बसवा. तो परवडत नसेल तर एक बोअर कमी करा.

काम झाल्यावर छिद्र उघडं सोडू नका, मुरूम टाकूनही बुजवू नका. पावसाचं पाणी त्यातून थेट सांध्यावर जातं आणि तपासणीच नवा खड्डा तयार करते. सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) यांचं मिश्रण तळापर्यंत सोडलेल्या पाइपने, खालून वर भरत आणा आणि किती लागलं ते मोजा. ७६ मिलिमीटरच्या २० मीटर छिद्रात सुमारे ९० लिटर मावतात. ३०० लिटर गेलं तर तोही आकडा त्या बोअरच्या नोंदीत, खोलीसह लिहा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मीटरवर पुन्हा एकेक बोअर घ्या.