कोकण रेल्वेच्या मॉडेलमागचं आकाश

मॉडेलमागे आकाश रंगवायच्या पाठीच्या फळीला ३ मिमी हार्डबोर्ड चालतो, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो फुगतो. म्हणून दोन्ही बाजूंना प्रायमर मारा. कडा विसरू नका, ओल तिथूनच शिरते. कोपऱ्याला गोलाई द्या, नाहीतर आकाशात उभी सावली दिसते.

रंग मॅट इमल्शनच, म्हणजे भिंतीचा न चकाकणारा, पाण्यात मिसळणारा रंग. चकाकणाऱ्या रंगात दिवा उमटतो. तीन डबे करा: वर निळा, मध्ये निम्मा पांढरा मिसळलेला, क्षितिजाशी जवळजवळ पांढरा. पंखा बंद करून, पट्टे ओले असतानाच रुंद ब्रशने आडवे मिसळा. सुकल्यावर हात लावलात तर रेघा उरतात.

आषाढाचं आभाळ हवं? निळ्यात काळा नको, मळकट दिसतो. चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) घाला. सह्याद्रीची रांग फिकट निळसर-करडी ठेवा. गडद हिरवी केलीत की डोंगर रुळांवर चढून बसतात.