नव्या गाडीत तोच इलेक्ट्रॉनिक दोष वारंवार येत असेल, तर या चुका टाळा

शोरूममधून आणलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मधली स्क्रीन अचानक काळी पडते किंवा चावी खिशात असूनही गाडी चावी सापडत नसल्याचे सांगते. गाडी सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत शिरेपर्यंत मात्र सगळे पूर्ववत झालेले असते. ॲडव्हायझर स्कॅनर लावतो, गाडीने साठवलेले दोषाचे कोड उडवतो, गाडी धुऊन परत देतो आणि थोड्याच दिवसांत मागचे पाढे पंचावन्न. असा येऊन-जाऊन असणारा दोष तपासणीच्या वेळी हजर नसतो, त्यामुळे त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरूनच त्याला गाठावे लागते. बहुतेक प्रकरणे लांबतात ती या खुणा मालक आणि वर्कशॉप या दोघांच्याही हातून, बहुधा सद्‌हेतूनेच, पुसल्या जातात म्हणून.

कोड उडवण्याची घाई

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, दारे-काचा यांसाठी वेगवेगळी नियंत्रक मॉड्यूल असतात आणि कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून त्यांची आपापसांत देवाणघेवाण चालते. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की संबंधित मॉड्यूल कोड साठवते. कोडच्या पहिल्या अक्षरावरून विभाग कळतो: पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसिस, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूलमधील संपर्क. इंजिनच्या कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे, कूलंटचे तापमान आणि इंजिनवरील भार यांचीही नोंद राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनवर येतो की घाट चढताना, हे ठरवायला याहून भरवशाचा साक्षीदार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोड्या वेळाने पुन्हा लावणे, हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय याच साक्षीदाराला घालवतो. दिवा विझतो, पण अनेक गाड्यांत नोंद नाहीशी होते, काचांचे ऑटो बटण पुन्हा शिकवावे लागते आणि इंजिनच्या स्वयंचाचण्या पुन्हा पहिल्यापासून पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणून वर्कशॉपमध्ये पहिली विनंती एकच असावी: कोड उडवण्यापूर्वी सर्व मॉड्यूलची यादी, फ्रीझ फ्रेमसह, छापून किंवा फोटो काढून द्यावी. मोबाइलला जोडता येणारा स्वस्त स्कॅनर घेण्यास हरकत नाही, मात्र तो सहसा इंजिनचेच कोड वाचतो. एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि बॉडीचे कोड वाचण्यासाठी कंपनीचे किंवा तशा क्षमतेचे यंत्र लागते. मोबाइलचा स्कॅनर फक्त वाचण्यासाठी वापरावा आणि काम झाल्यावर गाडीच्या पोर्टमधून (जोडणीच्या खाचेतून) काढून ठेवावा, कारण कायम लावलेला स्कॅनर बंद गाडीतही बॅटरी खात राहतो.

गाडी नवी म्हणून बॅटरीही ताजी, हा समज

ही चूक सर्वांत जास्त वेळ वाया घालवते. गाडी कारखान्यातून निघून तुमच्या हाती येईपर्यंत कित्येकदा महिनोन्‌महिने स्टॉकयार्डात उन्हात उभी असते. अलार्म आणि मोबाइल ॲपशी जोडलेले सिमकार्डाचे मॉड्यूल थोडाथोडा करंट घेत राहतात, बॅटरी उतरते, ती पुन्हा चार्ज करून गाडी ग्राहकाला दिली जाते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. निर्मितीचा महिना आरसीवर छापलेला असतो, तो खरेदीच्या तारखेशी एकदा ताडून पाहावा.

अशक्त बॅटरीचे लक्षण फसवे असते. सेल्फ मारताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते, एखादे मॉड्यूल बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि बाकीची मॉड्यूल त्याच्याशी संपर्क तुटल्याची नोंद करतात. त्यामुळे एकाच सकाळी स्टिअरिंग, एबीएस आणि पार्किंग सेन्सर या परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी दोष दिसतात. अशी यू अक्षराच्या कोडची रांग किंवा व्होल्टेज कमी असल्याचा पी०५६२ हा कोड दिसला, तर महाग मॉड्यूलकडे वळण्याआधी बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि अर्थिंगची जागा तपासली जाणे आवश्यक आहे. काही तास बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळावेत, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू असताना आकडा सामान्यतः १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असतो, मात्र स्मार्ट चार्जिंगच्या, म्हणजे गरजेनुसार चार्जिंग बदलणाऱ्या, गाड्यांत तो हेतुपुरस्सर कमी-जास्त होतो, म्हणून एकाच मापावरून अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) दोषी धरू नये.

दोन-तीन दिवस उभी ठेवल्यावर बॅटरी बसत असेल, तर गाडी बंद असतानाचा करंट मोजायला सांगावे. गाडी लॉक केल्यानंतर सर्व मॉड्यूल झोपी जाण्यास काही वेळा अर्धा तासही लागतो. त्यानंतर हा करंट साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. लॉक केल्याबरोबर घेतलेले माप निरुपयोगी असते.

बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीज विसरणे

खालचे व्हेरिएंट घ्यायचे आणि स्क्रीन, कॅमेरा, फॉग लॅम्प बाहेरून बसवायचे, हा हिशेब आपल्याकडे सर्रास केला जातो. त्यात गैर काही नाही, पण वायर सोलून तिला दुसरी वायर गुंडाळलेला जोड धक्क्यांनी सैल होतो, ओल्या हवेत गंजतो आणि दोष नेमका पावसाळ्यात उगवतो. शिवाय अशा फेरफारामुळे झालेले नुकसान वॉरंटीच्या अटींत सहसा वगळलेले असते. तक्रार नेण्यापूर्वी बाहेरच्या सर्व वस्तू वायरमनकडून सोडवून काही दिवस गाडी चालवावी आणि तरीही दोष आला, तर तसे लेखी कळवावे. दोष बाहेरच्या वस्तूंमुळेच आहे, हे वर्कशॉपचे सर्वांत सोपे उत्तर त्यामुळे निकालात निघते. डीलरनेच बसवलेल्या वस्तू असतील, तर त्यांचे बिल जपून ठेवावे.

उंदरांचीही नोंद घ्यायला हवी. कुरतडलेली वायर हा उत्पादनातील दोष नसतो, त्यामुळे तो खर्च वॉरंटीकडे नव्हे, तर पॉलिसीच्या अटींनुसार विम्याकडे मागावा लागतो. सनरूफचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या तर पाणी मॅटखाली साचते, आणि अनेक गाड्यांत तिथूनच वायरिंग जाते. पाय ठेवण्याची जागा ओलसर लागली, तर ते आवर्जून सांगावे.

तोंडी सांगून निघून येणे

जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉप तक्रार व काम नोंदवते त्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ असे लिहिले गेले, तर कागदोपत्री तुमची तक्रार झालेलीच नाही. सही करण्यापूर्वी मजकूर वाचावा आणि लक्षण जसेच्या तसे लिहून घ्यावे: ‘रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला स्टिअरिंगचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते, गाडी बंद करून सुरू केल्यावर पूर्ववत होते, यापूर्वी याच तक्रारीसाठी गाडी आणली होती.’ त्याऐवजी ‘सेन्सर बदला’ असे सांगितले, तर सेन्सर बदलला जाईल आणि जबाबदारी तुमच्यावर येईल. दोष थंड गाडीत येत असेल, तर ती आदल्या संध्याकाळी सोडावी. विशिष्ट रस्त्यावर येत असेल, तर टेक्निशियनला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह मागावी. दोष दिसत असताना डॅशबोर्डचा व्हिडिओ, त्यात किलोमीटरचा आकडा येईल असा, शेजारी बसलेल्या व्यक्तीने किंवा गाडी बाजूला घेऊन काढावा. काम वॉरंटीत झाले आणि बिल शून्य रुपयांचे असले, तरी ते मागून घ्यावे.

एकामागून एक सुटे भाग बदलत राहणे

साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार वॉरंटीत फुकट होतो, म्हणून मालकही आक्षेप घेत नाहीत. वास्तविक येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचे मूळ अनेकदा भागात नसून कनेक्टरमधल्या मागे सरकलेल्या पिनेत, सैल अर्थिंगमध्ये किंवा घासलेल्या हार्नेसमध्ये (वायरांच्या जुडग्यात) असते. नवा भाग बसवताना कनेक्टर काढून पुन्हा दाबला जातो, त्यामुळे काही काळ बरे वाटते आणि दोष सापडल्याचा भ्रम होतो. दोष चालू असताना हार्नेस हलवून पाहिला का, अर्थिंगवरील व्होल्टेज ड्रॉप (जोडात वाया जाणारे व्होल्टेज) मोजला का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. कॅनबाबत शंका असेल, तर वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्याने तो सुमारे ६० ओहम यायला हवा. सॉफ्टवेअर अपडेट केले असेल, तर आधीची आणि नंतरची आवृत्ती जॉब कार्डावर लिहून घ्यावी. चॅसिस नंबर टाकून त्या गाडीसाठी रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणे) निघाला आहे का, हेही कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

हे सगळे चालू असताना दिव्याचा रंग दुर्लक्षू नये. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागी थांबणे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे) न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, खराब करू शकते, म्हणून तशी गाडी चालवत वर्कशॉपपर्यंत नेऊ नये.

वॉरंटी आहे म्हणून स्वस्थ बसणे

सदोष नवी गाडी ठरावीक प्रयत्नांनंतर बदलून देण्याचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा, आणि त्यात उत्पादनातील दोष दाखवण्याचा भार मुख्यतः तक्रारदारावर येतो. जॉब कार्डे, कोडच्या याद्या आणि ईमेल इथे उपयोगी पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर वर्क्स मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, सर्व जॉब कार्डांचे क्रमांक देऊन, लेखी कळवावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात, जाता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. डीलर आणि उत्पादक या दोघांनाही पक्षकार करावे आणि तज्ज्ञ तपासणीची मागणी करावी. गाडी व्यावसायिक वापरासाठी घेतली असेल, तर ग्राहक म्हणून उभे राहण्यातच अडचण येऊ शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवण्याच्या टॅक्सीला मात्र कायद्यात सवलत आहे.

वॉरंटी तीन वर्षांची आहे म्हणून ती संपेपर्यंत वाट पाहणारे इथे फसतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुरेसे कारण पटवून द्यावे लागते. पहिल्या जॉब कार्डाची तारीख म्हणूनच वेगळी टिपून ठेवावी.